स्वीडनचा पाहुणा आणि आबांची पलटण

माझे सासरे फौजेत सुभेदार होते, हे मला लग्न ठरतानाच सांगितलं गेलं होतं. पण लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या तोंडून पलटणीविषयी मी काही ऐकलं नव्हतं. शाहूपुरीत आमच्या मागच्या गल्लीत लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी एक तरी लढाई व्हायचीच. आमचे आबा मात्र सकाळी दाढी करून, धोतर-सदरा घालून मंडईत जायचे, येताना भाजी आणि पेपर आणायचे आणि दिवसभर मोजकंच बोलायचे. कुणी फारच विचारलं तर म्हणायचे, "हुतो पलटणीत. संपली पलटण." एवढ्यावर विषय मिटायचा.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझे यजमान एका कारखान्यात मशीनशॉप सांभाळायचे. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं असतील. त्यांच्या कारखान्यानं स्वीडनहून एक मोठं यंत्र मागवलं आणि ते बसवून द्यायला तिथला एक इंजिनिअर आला. त्याचा मुक्काम चांगला महिना-दीड महिना होता. लॉजवरच्या जेवणानं बिचारा कंटाळला, म्हणून यजमानांनी एका रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. यांचं इंग्रजी यंत्रापुरतं होतं, त्यामुळे पाहुण्याशी बोलायची जबाबदारी माझ्यावर आली.

पाहुणा साठीच्या आसपासचा, टक्कल पडलेला आणि इतका उंच की आमच्या दारातून वाकून आत आला. कुणी न सांगताच त्यानं उंबऱ्याबाहेर बूट काढून ठेवले. सासूबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. "त्यांच्याकडं बी काढत्यात व्हय?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. आबा आतल्या खोलीतून बाहेर आले आणि पाहुण्याला पाहून ताठ उभे राहिले. नमस्काराला हात जोडण्याआधी त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या होत्या. मी रोज बघत असूनही ते मला कधी दिसलं नव्हतं. पाहुण्याला मात्र लगेच दिसलं. तोही टाचा जुळवून उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुमचे सासरे सैनिक होते?"

मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "व्हय म्हणून सांग."

"कुठल्या रेजिमेंटमध्ये?"

"आमच्या संस्थानाच्या पलटणीत."

"ती आता कुठं आहे?"

"न्हाय ती आता."

मी शब्दाला शब्द देत गेले. पाहुणा जरा थांबला. तो बोलायचाच थांबत थांबत, प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घेतल्यासारखं. मग म्हणाला, "माझी अजून आहे. पण मी जिच्यात होतो, ती ही नव्हे. ती इतक्या वेळा बदलली, की नेमकी कुठली माझी, ते मलाही सांगता येत नाही."

हे मराठीत करून सांगितल्यावर आबा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघू लागले. "बसा पावणं," ते म्हणाले, "बसा की." आणि त्याच्या शेजारीच पाट घेऊन बसले. एरवी पाहुणे असले की आबा पंगतीत बसत नसत.

जेवण झालं. तांबडा रस्सा पाहुण्याला झेपला नाही, पांढरा मात्र तो वाटीवर वाटी प्यायला. मग सासूबाईंनी उकडलेल्या शेंगांची परात मध्ये ठेवली. त्या परातीतूनच त्याच्या पलटणीची गोष्ट निघाली.

त्यानं आठ-दहा शेंगा उचलून सतरंजीवर गोल मांडल्या. "ही शेतकऱ्यांची घरं," तो म्हणाला. मग एक दाणा सोलून मधोमध ठेवला. "आणि हा सैनिक."

तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या राजाला कायमची फौज हवी होती, पण तिला पोसायला खजिन्यात काही नव्हतं. म्हणून त्यानं प्रत्येक परगण्याशी करार केला. काही घरांनी मिळून एक सैनिक द्यायचा. त्याला राहायला छोटं लाकडी घर, कसायला जमिनीचा तुकडा आणि हिवाळ्यासाठी सरपण द्यायचं. लढाई नसेल तेव्हा त्यानं आपलं रान कसायचं, ठरलेल्या दिवसांत कवायतीला जायचं आणि बोलावणं आलं की बंदूक घेऊन निघायचं. असे शेकडो दाणे मिळून परगण्याची एक पलटण व्हायची. ती पलटण राजधानीत राहायची नाही. ती गावागावांत, शेताशेतात पसरलेली असायची.

"आणि नावांची अडचण होती," पाहुणा हसत म्हणाला. "आमच्याकडे नावं फार थोडी. कॅप्टननं एक नाव पुकारलं की दहाजण ओ द्यायचे. म्हणून सैनिकाला भरती होताना नवं, छोटं नाव द्यायचे. तलवार, शूर, चपळ, बळकट. ते नाव त्या माणसाचं नसायचं, त्या घराचं असायचं. एक सैनिक पडला की त्या घरात दुसरा यायचा आणि तो येताना तेच नाव घ्यायचा."

मी हे मराठीत सांगत होते. आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "थांब जरा," ते मला म्हणाले. "परत सांग. माणूस मेला तरी नाव हजेरीला?"

"हो."

"दोनशे वर्षं?"

"त्याहून जास्त," पाहुणा म्हणाला. "माझे आजोबा आमच्या घरातले शेवटचे. त्यांना मिळालेल्या नावाचा अर्थ 'आनंदी'. त्यांच्या आधी त्या घरात किती 'आनंदी' होऊन गेले, कितीजण परत आलेच नाहीत, ते आम्हाला माहीत नाही. पुढं ही पद्धत बंद झाली आणि प्रत्येक तरुणाला काही काळ लष्करात जाणं सक्तीचं झालं. पण नाव आमच्याकडे राहिलं. ते आज माझं आडनाव आहे."

आबांनी मधोमध ठेवलेला दाणा उचलून बघितला. मग म्हणाले, "पावण्याला सांग, आमच्यात बी असंच हुतं. माझ्या आजाला हातकणंगल्याकडचं रान संस्थानानं चाकरीपायी दिलेलं. शेतसनदी म्हणायचे त्याला. रान कसायचं, आणि हुकूम आला की तलवार घिऊन हजर व्हायचं. माझ्या बापानं ते रान कसलं, मग मी पलटणीत गेलो."

हातकणंगल्याच्या त्या रानात मी कितीदा गेले होते. तिथल्या विहिरीवर बसून भाकरी खाल्ली होती. ते रान घरात कसं आलं, हे मला त्या दिवशी कळलं. तेसुद्धा इंग्रजीत सांगावं लागलं म्हणून. पाहुणा माझं ऐकता ऐकता हळूहळू मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांत जे होतं तेच बहुधा माझ्याही असावं. बर्फाच्या मुलखातल्या आणि उसाच्या मुलखातल्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन राजांना एकच गोष्ट सुचली होती. आणि त्या दोन व्यवस्थांच्या टोकाला उरलेली ही दोन माणसं माझ्या सतरंजीवर शेंगा खात बसली होती.

मग त्यानं पुढचं सांगितलं. तो विशीत असताना महायुद्ध पेटलं. त्यांचा देश युद्धात उतरला नाही, पण चारी बाजूंनी आग होती, म्हणून सगळ्यांना सरहद्दीवर उभं केलं. त्याच काळात त्याच्या पलटणीचं रूप पालटलं. शतकानुशतकं पायी चाललेली ती पलटण एकाएकी रणगाड्यांची झाली. म्हातारे सार्जंट, ज्यांना फक्त बूट आणि संगिनी ठाऊक, ते इंजिनाखाली झोपून तेलानं काळे होऊ लागले.

"लढाई झाली?" आबांनी विचारलं.

"नाही. आम्ही नुसते थांबलो. बर्फात, कितीतरी महिने."

"लढाईपरास अवघड," आबा म्हणाले. "पहाऱ्यावर मी बी उभारलोय."

आणि आता, पाहुणा सांगत होता, सरकारनं पुन्हा सगळं नव्यानं मांडायला घेतलंय. कुणाच्या हाताखाली कोण, कुठली छावणी ठेवायची, कुठली शेजारच्या पलटणीत मिसळायची. त्यानं सतरंजीवरच्या शेंगा एकत्र ढकलून दोन ढीग केले, मग दोनांचा एक केला. "झेंडा ठेवतात," तो म्हणाला. "कधी नाव ठेवतात, कधी नुसता आकडा. माणसं मात्र तीच राहत नाहीत." मग त्यानं थेट आबांकडे बघून विचारलं, "तुमच्या पलटणीचं काय झालं?"

मी प्रश्न मराठीत केला आणि मलाच भीती वाटली. आतापर्यंत या प्रश्नाला एकच उत्तर होतं. पण आबा बोलू लागले. माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघत, जणू त्याला मराठी कळत होतं.

"संस्थान इलीन झालं, तवा आमाला मैदानावर फालिन केलं, रांगंत उभं केलं. साहेब नवा, वरनं आलेला. त्यो नावं वाचत गेला. काहीजण उजव्या अंगाला, काहीजण डाव्या अंगाला. उजवीकडचं मोठ्या फौजेत जाणार, डावीकडचं घरी. वय बघितलेलं, छाती बघितलेली, शाळा किती शिकला ते बघितलेलं. मी चार इयत्ता शिकलेला, मला उजवीकडं धाडलं. माझ्या बाजूला मुरगूडचा गडी उभा हुता. भरती झाल्यापासनं आमी एका ताटात जेवलेलं. त्याच्यावाणी नेम पलटणीत कुणाचा नव्हता. त्यो डावीकडं गेला. मग सगळ्यांनी टोपीवरचा बिल्ला काढायचा हुकूम झाला. एक घमेलं ठेवलं हुतं. एकेकानं जायचं आणि त्यात बिल्ला टाकायचा. कुणी बोलंना. घमेल्यात बिल्लं पडायचा आवाज, तेवढाच."

मी घाईघाईनं अनुवाद करत होते. पाहुण्यानं हातानं खूण केली, सावकाश.

"आमच्यात बी नावांची भानगड हुती," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "निम्मी पलटण पाटलांची, निम्मी जाधवांची. म्हणून आमी गावानं हाक मारायचो. मला हातकणंगले म्हणायचे. त्याला मुरगूड."

आणि मग कुणी सांगितलं नसताना आबा उठून उभे राहिले. हात अंगाला चिकटवले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि त्यांनी आपल्या तुकडीची हजेरी पुकारायला सुरुवात केली. त्यात माणसाचं नाव एकही नव्हतं. गावंच गावं. कागल. मुरगूड. वडगाव. गारगोटी. राधानगरी. शिरोळ. एकेका गावानंतर ते एक श्वास थांबत, पलीकडून उत्तर यावं इतकं. पहिली दोन-तीन नावं मी पाहुण्याला सांगू लागले. मग लक्षात आलं की इथं सांगण्यासारखं काही नाही. पाहुणाही उठला होता. तो उघड्या मस्तकानं, मोजे घातलेल्या पायांनी आमच्या सतरंजीवर सावधान उभा होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. यजमानांचा पेला हातात तसाच राहिला. ज्या गावांची नावं मी एसटीच्या पाट्यांवर रोज वाचायचे, ती गावं आमच्या त्या एवढ्याशा खोलीत येऊन रांगेत उभी राहत होती. मला वाटलं, इतकी वर्षं हा माणूस भाजीची पिशवी घेऊन मंडईत जायचा, तेव्हा ही सगळी रांग त्याच्या मागून चालत असेल.

हजेरी संपली आणि आबा खाली बसले. त्यांनी पाणी मागितलं.

पाहुण्यानं विचारलं, "ही माणसं आता कुठं आहेत?"

"काही गेली. बाकीची गावाकडं."

"आणि मुरगूड?"

आबा पाणी पीत राहिले. सासूबाईंनीच दारातून सांगितलं, "हाय की. जित्ता हाय. हेच जात न्हाईत. मी मोठ्या फौजेत सुभेदार झालो आणि त्यो घरी बसला, आता काय तोंड दावू, म्हणत्यात."

हे मी पाहुण्याला सांगावं की नाही, कळेना. पण त्यानं विचारलं होतं, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मला मुरगूडला भेटायचं आहे. तुमच्या सासऱ्यांना म्हणावं, पाहुण्याचा हट्ट आहे."

पुढच्या रविवारी कारखान्याची जीप घेऊन आम्ही निघालो. आबा पुढं बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा.  मुरगुडात चौकशी केली तर कळलं, गडी रानात शेंगा काढतोय. जीप बांधावर लावून आम्ही आत गेलो. वेल उपटणाऱ्या बायकांच्या पलीकडं एक किरकोळ, वाकलेला म्हातारा पोत्यावर बसून शेंगा तोडत होता. यजमानांनी त्याला हाक मारली, पण त्याला कमी ऐकू येत असावं. मग आबा पुढं गेले आणि मैदानावर मारावी तशी हाक त्यांनी मारली, "मुरगूड!"

म्हातारा उठला. कपाळावर हात धरून त्यानं नीट पाहिलं. आणि मग इतक्या मोठ्यानं ओरडला की बायकांचे हात थांबले.

"हातकणंगल्या! आरं, पलटण मोडली म्हणून मला बी मोडीत काढलंस व्हय रं?"

आबा आणखी पुढं झाले. ते म्हणाले, "तुला घरी धाडलं, आणि मी—"

"मग? तू धाडलंस का मला? साहेबानं धाडलं. तू का तोंड लपवलंस? तेवीस वर्सं वाट बघतुया तुजी. येडं कुठलं!" आणि त्यानं मातीच्या हातांनीच आबांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला मिठी मारली. दोघंही एकमेकांच्या खांद्यांवर थापा मारत राहिले. माझ्याकडे पाठ होती आबांची. सदऱ्यावर मातीचे पंजे उमटले होते.

पाहुणा दोन पावलं मागं सरकून उभा होता. म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं आणि विचारलं, "ह्ये पावणं कोण?"

"पलटणीतलं हायत," आबा म्हणाले.

"आपल्या?"

"न्हाय. पण पलटणीतलंच."

म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. त्यानं पाहुण्याला पोत्यावर बसवलं, चहा मागवला आणि त्याच्या मांडीवर शेंगांचा ढीग घातला. मग बोलता बोलता त्यानं जे सांगितलं, ते आबांनाही ठाऊक नव्हतं. घरी पाठवलेली माणसं विखुरली नव्हती. दर दसऱ्याला, जो कोण चालता-बोलता आहे तो, ते कोल्हापूरला यायचे. चौकात सोनं लुटायचा सोहळा बघायला जी गर्दी लोटते, तिच्या एका कडेला ते रांगेत उभे राहायचे. फेटा बांधून, साध्या कपड्यांत. पोशाख नाही, बिल्ला नाही, कुणाचं बोलावणं नाही. सोहळा होईपर्यंत उभं राहायचं आणि एसटीनं परत जायचं.

"कशापायी?" यजमानांनी विचारलं.

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "दसरा हाय न्हवं?" तो म्हणाला. "दसऱ्याला पलटण उभारती."

मी दर दसऱ्याला त्या चौकात गेले होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून, लग्नानंतर मुलीला कडेवर घेऊन. हत्ती पाहिले, घोडे पाहिले, पालख्या पाहिल्या. कडेला उभी असलेली फेटेवाल्यांची ती रांग माझ्या डोळ्यांपुढून किती वेळा गेली असेल. खेड्यातून आलेली माणसं दिसत असतील, एवढंच.

यंत्र सुरू झालं आणि दसऱ्याच्या काही दिवस आधी पाहुणा परत गेला. जाताना तो आमच्याकडे निरोप घ्यायला आला. त्याला नेहमीप्रमाणे दारात वाकावं लागलं. आबांनी त्याला कोल्हापुरी पायताणांचा जोड दिला. माप अंदाजानं घेतलं होतं, तरी चपला छोट्याच पडल्या. टाचा बाहेर येत होत्या, पण तो त्याच घालून रिक्षात बसला.

त्या वर्षी दसऱ्याला आबा दुपारीच घरातून निघाले. आम्ही मागाहून पोचलो तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मुलीला उचलून घेतलं आणि सोहळ्याकडं पाठ करून कडेची गर्दी न्याहाळू लागले. मग दिसले. पंधरा-सोळा म्हातारे. कुणाचा फेटा लाल, कुणाचा पांढरा, कुणाच्या हातात काठी, एकाच्या पायात चप्पलही नव्हती. दोघा-तिघांच्या जागी तर त्यांचे तरणे मुलगे उभे होते. सगळ्यांमधलं अंतर मात्र सारखं होतं. मधोमध आमचे आबा होते आणि त्यांच्या शेजारी मुरगूड. बंदुकीचा बार झाला, लोक आपट्याच्या पानांवर तुटून पडले, ढकलाढकली झाली, मुलं रडू लागली. ती रांग हलली नाही. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.  माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हायत वं ती?" मी म्हणाले, "पलटण."

सोहळा संपल्यावर आबा घरी आले नाहीत. मुरगूडबरोबर शेवटच्या एसटीनं गेले आणि आठवड्यानं, एक पोतं शेंगा घेऊन, परतले. त्यानंतर मात्र त्यांचं बोलणं वाढत गेलं. संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासायला बसले की ते समोर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "पोरी, गारगोटीचा गडी कसा हुता ते सांगतो तुला." आणि मी लाल पेन खाली ठेवून त्यांच्याकडे तोंड करून बसायचे.